चिकाच्या पडद्याखालून आलेला हात

परवा रात्री झोप येत नव्हती म्हणून मोबाईलमधला कचरा साफ करायला घेतला आणि परत त्या व्हिडिओपाशी येऊन अडकले. व्हिएतनाममध्ये, हनोईला, पाण्यातल्या बाहुल्यांचा खेळ बघितला होता, त्याचा. ३८ सेकंदांचा आहे. त्यातले पहिले पंधरा सेकंद नुसतं पुढच्या रांगेतल्या एका आजोबांचं टक्कल, मग मी हात उंच केला असणार, कारण एकदम हिरवं गढूळ पाणी दिसायला लागतं, त्यावर लाकडी बदकांची रांग आणि डावीकडून दबकत येणारा कोल्हा. कोल्हा एक बदक तोंडात धरतो आणि सरसर झाडावर चढतो, लोक हसतात, म्हातारा-म्हातारी काठ्या घेऊन बोंबलत मागे, आणि या सगळ्या गोंधळात शेवटचं एक बदक उजव्या कोपऱ्यात कशात तरी अडकतं. बाकीची बदकं आत गेली तरी हे आपलं तिथंच, मान हलवत, गोल गोल. आणि मग पडद्याखालून एक हात येतो. खराखुरा माणसाचा, कोपरापर्यंत ओला. बदकाला धरतो, सोडवतो आणि बदकासकट आत जातो. दोन सेकंद, फार तर अडीच.

त्या हाताच्या नखांना लाल नेलपॉलिश होतं.

म्हणजे मला तरी तसं दिसलं. नवरा शेजारीच बसला होता, तो म्हणतो छे, बदकाची चोच लाल होती, ती बोटांमधून दिसली असेल. व्हिडिओ झूम केला की नुसते चौकोन दिसतात, लालसर काहीतरी आहे एवढं खरं, पण ते नख आहे का चोच हे देव जाणे. आम्ही यावर हनोईच्या फुटपाथवर प्लॅस्टिकच्या बुटक्या स्टुलांवर बसून, अंड्याची कॉफी पीत, चांगला अर्धा तास वाद घातला. तो विषय त्याच्यासाठी तिथंच संपला. माझ्यासाठी नाही संपला, आणि का नाही संपला ते शोधायलाच हे लिहायला बसलेय बहुतेक.

आम्ही गेलो होतो फेब्रुवारीत, त्यांचं नवीन वर्ष नुकतंच होऊन गेलेलं. हनोईत त्या दिवसांत अशी थंडी असते की जी धड थंडी पण नाही, सतत भुरभुर, कपडे वाळत नाहीत, सगळ्याला दमट वास. तिकीट दीड लाख डोंग. पहिल्या दिवशी हे लाख-लाख ऐकून छातीत धस्स व्हायचं, तिसऱ्या दिवशी आपण लखपती असल्यासारखे नोटा मोजतो. ग्रुपमधले निम्मे लोक ‘पपेट शो काय, लहान मुलांचं ते’ म्हणून मसाजला गेले. खरं सांगायचं तर मी पण गेले ती पावसात अजून कुठे जायचं म्हणून. आत गेलो तर स्टेजच्या जागी पाणी. हौद म्हणा, तळं म्हणा, कंबरभर खोल असेल, आणि त्या पाण्याचा रंग मुद्दाम शेवाळी ठेवलेला, आतलं काही दिसू नये म्हणून. मागे लाल कौलांचं, कोपरे वर वळलेलं देवळासारखं बांधकाम, आणि त्याच्या पुढे पाण्यात टेकलेला बांबूचा पडदा. डावीकडे उंचावर वादक मंडळी. एसी चालू, पण पहिल्या दोन-तीन रांगांत साठलेल्या पाण्याचा वास येत होता, विहिरीवर वाकलं की येतो ना, तसा.

तो पडदा बघितल्याबरोबर डोक्यात शब्द आला, चिक. चिकाचा पडदा. जुन्या वाड्यांमध्ये कीर्तनाला, गाण्याच्या बैठकीला बायका त्या पडद्याआड बसायच्या, त्यांना बाहेरचं दिसायचं आणि बाहेरच्यांना त्या दिसायच्या नाहीत. इथंही तोच हिशोब आहे, पट्ट्यांच्या फटींतून आतल्या कलाकारांना बाहुल्या दिसतात, आपल्याला आत नुसता अंधार. फरक एवढाच की इथं पडद्याआडचे लोक बघे नसतात, सगळा खेळ तेच करत असतात, आणि कंबरेएवढ्या पाण्यात उभं राहून करत असतात.

या कलेला ते म्हणतात मुआ रोई न्युक. न्युक म्हणजे पाणी, रोई म्हणजे बाहुल्या, मुआ म्हणजे नाच. पाण्यातल्या बाहुल्यांचा नाच, संपलं. उत्तर व्हिएतनाममधल्या लाल नदीच्या खोऱ्यातली ही कला. तो सगळा सखल मुलूख, भातखाचरं आणि गावोगावी तळी, पीक घरात आलं की किंवा वसंतातल्या जत्रेला गावकरी तळ्यात उतरायचे आणि काठावर बाकीचा गाव बसायचा. आपल्याकडे बाहुल्यांना वरून दोऱ्या असतात, म्हणून कळसूत्री. राजस्थानातही तेच. इथं सगळं खालून. बाहुली एका लाकडी तरंगत्या बैठकीवर बसवलेली, तिला खाली लांब बांबूचा दांडा, तो पाण्याखालून पडद्याच्या आत गेलेला, आणि मान, हात, शेपूट हलवायच्या दोऱ्या त्या दांड्याबरोबर. काही बाहुल्यांना दांडाच नसतो, पाण्याखाली खुंट्या ठोकून त्यांना दोऱ्या फिरवलेल्या असतात आणि त्या दोऱ्यांवर बाहुली ये-जा करते. म्हणजे हात इथं, बाहुली तीन-चार मीटर पलीकडे, आणि मध्ये पाण्याचा सगळा रेटा. हे वाचायला सोपं आहे. अंघोळीच्या बादलीत लांब काठी घालून तिच्या टोकाला साबणाची डबी नाचवून बघा. मी घरी आल्यावर करून बघितलंय, पुढचं काही विचारू नका.

सुरुवातीला एक गोलमटोल प्राणी येतो, उघडं पोट, डोक्यावर लहान मुलासारखे बुचडे, गालभर हसू. चू तेऊ. ‘चू’ म्हणजे काका, बापाचा धाकटा भाऊ. तेऊ या जुन्या शब्दाचा अर्थ हसणं असा सांगतात. म्हणजे आपला हसरेकाका. हा येऊन गावकऱ्यांशी गप्पा मारतो, टोमणे मारतो, खेळाची ओळख करून देतो. मला एक अक्षर कळत नव्हतं पण तमाशातला सोंगाड्या जन्मात कधी बघितलेला असेल तर त्या आवाजातला आगाऊपणा कळायला भाषा लागत नाही. मागच्या रांगेत स्थानिक शाळेची सहल होती, ती पोरं प्रत्येक वाक्याला खिदळत होती, आणि आम्ही परदेशी पब्लिक त्यांच्यानंतर एक सेकंदाने, त्यांचं बघून. उसनं हसू म्हणतात ते हेच.

मग एकामागून एक छोटे छोटे प्रसंग. एकेक दोन-चार मिनिटांचा, गोष्ट वगैरे फार नाही. तोंडातून पाण्याच्या पिचकाऱ्या मारणारे ड्रॅगन, चेंडूसाठी भांडणारे सिंह, फिनिक्सचं जोडपं प्रेमात पडतं आणि मध्ये अंडं येतं, अंड्यातून पिल्लू. परीक्षा पास होऊन वाजतगाजत गावी परतणारा पंडित. होड्यांची शर्यत. मासे पकडायला खोलगट टोपली घेऊन उतरलेले दोघं, त्यातला एक माशाऐवजी दुसऱ्याचं डोकंच टोपलीत पकडतो. हे शेवटचं मला फार आवडलं, कारण त्यात ‘कला’ असं काही नव्हतं, गावात कोणीतरी कोणाचं तरी डोकं खरंच पकडलं असणार आणि मग ती गंमत चारशे वर्षं चालू राहिली असणार असं वाटत होतं. आणि भाताची लावणी. बायकांची रांग, कमरेत वाकलेल्या, उठतायत, वाकतायत, उठतायत, वाकतायत. रेड्यामागे नांगरणारा. मी कोकणातली, जूनमध्ये तरवा काढून लावणीला उतरलेल्या बायकांची ती लय मला झोपेतही ओळखू येईल. पाण्यात पाय घालून भात लावणाऱ्या लोकांनी करमणूकही पाण्यात पाय घालूनच करावी, याचं आधी आश्चर्य वाटलं आणि मग जरा अंगावर आलं. दिवसभर चिखलात उभं राहून संध्याकाळी परत पाण्यातच!

आमच्याकडे ‘पाण्यात पाहणे’ म्हणजे द्वेष करणे. ह्यांच्याकडे पाण्यात पाहण्याचं तिकीट असतं.

मध्ये एकदा सोनेरी कासव आलं. ही गोष्ट हनोईत सगळीकडे कानावर पडते, की ले लोय राजाने ज्या तलवारीने चिनी मिंग सैन्याला हाकललं ती तलवार नंतर तळ्यातल्या कासवाने परत मागून घेतली, म्हणून त्या तळ्याचं नाव होआन कीएम, परत केलेली तलवार. शहराच्या मधोमध आहे ते तळं, त्यात खरंच एक अवाढव्य कासव राहायचं, ते २०१६ च्या जानेवारीत मेलं तेव्हा लोकांना घरातलं कोणी गेल्यासारखं झालं होतं म्हणे. आता ते तळ्यातल्या देवळात काचेच्या पेटीत आहे. आम्ही सकाळी तेच बघून आलो होतो आणि संध्याकाळी लाकडाचं कासव बघत होतो. पण माझी खरी टाळी तिसऱ्या कासवाला. हनोईच्या दक्षिणेला दोई डोंगरावरच्या देवळात ११२१ सालचा एक शिलालेख आहे, ली न्यान तोंग राजाच्या काळातला, आणि त्यात वर्णन आहे की पाण्यावर एक सोनेरी कासव तीन डोंगर पाठीवर घेऊन तरंगत आलं, चारही पाय दाखवले, डोळे गरगरा फिरवत काठाकडे बघितलं, पाणी उडवलं आणि राजापुढे मान लववली. या कलेचा हा सगळ्यात जुना लेखी पुरावा. आपल्या ज्ञानेश्वरांच्या जन्माच्या दीडशे वर्षं आधी कोणीतरी पाण्याखाली उभं राहून कासवाचे डोळे फिरवत होतं. राजाचं नाव दगडात आहे, कासवाच्या पायांचं वर्णन आहे, डोळे फिरवणाऱ्याबद्दल अर्थात काही नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी करून थाय पॅगोडाला गेलो. हनोईपासून वीस-पंचवीस किलोमीटर. ‘थाय’ म्हणजे मास्तर, गुरुजी. गुरुजींचं देऊळ. तिथले तू दाओ हान नावाचे बाराव्या शतकाच्या आसपासचे भिक्खू, त्यांना या बाहुलीवाल्यांचे मूळपुरुष मानतात. देवळासमोर तळं आणि तळ्यात मधोमध थुई दिन, म्हणजे जलमंडप, काळपट कौलांचा, दुहेरी छपराचा, चारी बाजूंनी उघडा. थिएटरात मागे जे लाल-सोनेरी चकचकीत बांधकाम होतं त्याचं हे मूळ. तिसऱ्या चांद्र महिन्यात इथं जत्रा भरते, तेव्हा खेळ होतात. आम्ही गेलो तेव्हा चिटपाखरू नव्हतं. पाण्यावर झाडाची पानं, एक प्लॅस्टिकची बाटली, मंडपाच्या पायरीवर कोणाची तरी चप्पल. मी बराच वेळ त्या पाण्याकडे बघत बसले. जत्रेत माणसं त्यात उतरत असतील. आता कलाकारांना छातीपर्यंत येणारे रबरी सूट असतात, तरी अंगात दमटपणा राहतोच. पूर्वी काहीच नसायचं. थंडीत उतरण्याआधी आलं चघळायचं आणि न्युक-माम, म्हणजे आंबवलेल्या मासळीचं ते खारट पाणी, घोटभर प्यायचं, अंगात ऊब राहावी म्हणून. जळवा लागायच्या. उतारवयात संधिवात ठरलेला. ड्रायव्हरला मी फोनवरच्या ट्रान्सलेटरमधून विचारलं की तुम्ही लहानपणी बघितलाय का असा खेळ, त्याने फोनमध्ये बोलून उत्तर दिलं आणि बाईच्या थंड इंग्रजी आवाजात मला ऐकू आलं की माझ्या आजोबांचे गुडघे पाण्याने खाल्ले. मी त्याच्याकडे बघितलं. तो हसत होता. ट्रान्सलेटर चुकला असेल, नसेलही.

बाहुल्या कशा हलवतात याचं गुपित हे लोक किती जपायचे त्याला सीमा नव्हती. गावोगावी बाहुलीवाल्यांच्या मंडळ्या असायच्या, ‘फुओंग’ म्हणतात त्यांना, आणि प्रत्येक मंडळीच्या काही खास करामती. एका गावची दुसऱ्या गावाला कळता कामा नये. मंडळीत यायचं तर तोंड बंद ठेवायची शपथ घ्यायची. एक करामत तर इतकी साधी आहे की बघताना राग येतो, पाण्यातून अचानक झेंडे वर येतात, फडफडत, आणि ते कोरडे असतात! पाण्याखालून आलेलं कापड कोरडं कसं? आधी बाहुल्यांबरोबर फटाकेही उडायचे, पाण्यातून, आग आणि पाणी एकत्र. फटाक्यांवर तिथं १९९५ पासून बंदी आहे. तर हे असलं सगळं ज्ञान बापाकडून मुलाकडे. मुलीला नाही. कारण मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी जाणार आणि गुपित बरोबर घेऊन जाणार.

हे मी हॉटेलच्या बेडवर लोळत फोनवर वाचत होते. वाचलं, आणि उठून बसले.

माझ्या आजोबांची कुडाळजवळच्या गावात गणपतीची शाळा होती. शाळा म्हणजे शिकायची नव्हे, आमच्याकडे गणपती करतात त्या जागेला शाळाच म्हणतात. श्रावणात त्या पडवीत पाय ठेवायला जागा नसायची, पाटावर पाट, गावातल्या प्रत्येक घराचा पाट आणि त्यावर त्यांचा गणपती, शाडूचा ओला वास, कंदिलाची काजळी. माती मळायची, साच्यात भरायची, जोड बुजवायचे, मग पाण्याचं बोट फिरवून फिरवून अंग गुळगुळीत करायचं, वाळला की पांढरा हात, मग रंग. आणि सगळ्यात शेवटी आखणी. डोळे. डोळे फक्त आजोबा काढायचे आणि नंतर माझे बाबा आणि काका. आत्याने आयुष्यभर माती मळली आणि बोट फिरवलं. घरातले सगळे सांगतात की हात तिचाच सगळ्यात चांगला होता, रांगोळीत मोराचा डोळा असा काढायची की बघत राहावं. तिने एकदा, बारा-तेरा वर्षांची असताना, एका छोट्या गणपतीचे डोळे गुपचूप काढले. आजोबांनी बघितले. ओरडले नाहीत, मारलं नाही. पांढरा रंग घेऊन ते डोळे पुसून टाकले आणि स्वतः परत काढले. आजीला म्हणाले, “चेडवाक शिकवन काय करूचा? ती उद्या लोकाच्या घरात जातली.”

ती लोकाच्या घरात गेली. दहा किलोमीटरवर.

मला आजोबांचा राग येतो असंही सरळ म्हणता येत नाही. ते मला खांद्यावर घेऊन ओहोळ ओलांडायचे. आणि बाबा आणि काकांना शिकवलं त्याचं झालं काय? बाबा मुंबईला बँकेत, काका एसटीत. शाळा ८९-९० च्या सुमारास बंद पडली. आता त्या पडवीत काकाची मोटरसायकल असते. तिकडे त्या व्हिएतनामच्या गावांमध्येही असंच कितीतरी गेलं असणार, बाप म्हातारा झाला, मुलगा शहरात किंवा लढाईवर गेला आणि मुलगी, जिला येऊ शकलं असतं, ती पलीकडच्या गावात नवऱ्याच्या शेतात. तोंड बंद ठेवायची शपथ इतकी नीट पाळली गेली की करामत पण गेली. त्या गावच्या तळ्याला आता माहीत असेल फक्त.

पण कला गेली नाही, हेही आहे. १९५६ मध्ये हनोईत सरकारी बाहुली-नाट्यसंस्था निघाली, १९६९ मध्ये, म्हणजे अमेरिकेशी युद्ध चालू असताना, थांग लाँग थिएटर निघालं. बाँब पडतायत आणि लोक बाहुल्यांचं थिएटर काढतायत, हे मला अजून पचलेलं नाही. १९८४ मध्ये फ्रान्समध्ये प्रयोग झाले, बाहेरच्या जगाला कळलं, मग टुरिस्ट आले, आणि आता वर्षाचे ३६५ दिवस खेळ. आणि या सरकारी थिएटरांमध्ये मुली शिकल्या. पाण्यात उतरल्या. शपथबिपथ काही नाही, नोकरी, पगार, रबरी सूट. जुन्या गावांतही आता बायका असतात मंडळीत. शुद्धतावाले लोक म्हणतात की टुरिस्टांसाठी सगळं पन्नास मिनिटांत कोंबलंय, तळ्याचा हौद झालाय, गावचा वास गेलाय. असेल. मलाही थाय पॅगोडाचं पान पडलेलं पाणी जास्त आवडलं. पण मला ते जास्त आवडणं सोपं आहे, मला त्यात उतरायचं नव्हतं.

आणखी एक गोष्ट तिथं कानात राहिली ती दान बाउ. एकच तार असलेलं वाद्य. आपलं तुणतुणंही एका तारेचं, पण ते बिचारं एकच गोष्ट धरून बसतं. हे गातं, रडतं. एका बाजूला लवचिक काडी, ती डाव्या हाताने वाकवली की सूर वर-खाली घरंगळतो, अगदी माणसाच्या गळ्यासारखा. वादक मंडळींत एक मुलगी ते वाजवत होती, पंचविशीची असेल, पिवळा झगा, मध्येच जांभई दिली तिने, रोजचंच काम, पण हात थांबला नाही. नंतर कळलं की या वाद्यावर त्यांच्याकडे एक जुनी लोकोक्ती आहे, दान बाउ ज्याने वाजवावं त्यानेच ऐकावं, मुलीच्या जातीने दान बाउ ऐकू नये. वेडी होईल म्हणून असेल, कोणाच्या तरी मागे जाईल म्हणून असेल. ऐकायचं पण नाही! आणि ही पोरगी जांभई देत देत ते वाजवत होती. मला त्या जांभईचा इतका आनंद झाला की काय सांगू.

खेळ संपल्यावर पडदा वर गेला आणि आतले कलाकार पाण्यातून चालत बाहेर आले. आठ-नऊ जण. सगळ्यांच्या कंबरेपर्यंत पाणी, चेहऱ्यावर दमल्याचं ते ठरावीक हसू. त्यात तीन बायका होत्या. टाळ्या वाजत होत्या आणि मी वेड्यासारखी उभी राहून, मान लांब करून, त्यांची नखं शोधत होते. त्यांनी वाकून नमस्कार केला, हात अंगाशी, निम्मे पाण्यात. लाईट लागले, लोक उठले, पुढचे आजोबा टोपी शोधायला वाकले आणि मग उभेच राहिले माझ्यासमोर. ते बाजूला झाले तोवर स्टेजवर नुसतं पाणी हलत होतं.

बाहेरच्या दुकानातून आत्यासाठी एक छोटा लाकडी तेऊकाका घेतला. लाखेच्या रंगाचा, वीतभर. मे महिन्यात कुडाळला गेले तेव्हा दिला. मी तिला सांगितलं की या खऱ्या बाहुल्या तिकडे सुंगच्या लाकडाच्या करतात, आणि सुंग म्हणजे आपला औदुंबरच गं आत्या, तोच उंबर, हलका असतो, तरंगतो. यावर ती एकदम गप्प झाली आणि मग म्हणाली, “उंबर तोडतत?” आमच्या परसात दत्ताच्या नावाने पार बांधलेला उंबर आहे, त्याची फांदीसुद्धा विचारून छाटतात. मी म्हटलं तिकडे दत्त नाहीत. ते तिला फारसं पटलं नाही. मग तिने तेऊकाकाला खिडकीतल्या उजेडाकडे धरलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाली, “डोळे कोणी काढल्यान ह्याचे? एक वर, एक खाली.” खरंच होतं. दुकानातला माल, दिवसाला पन्नास रंगवत असतील. मला वाटलं आता ही म्हणणार ब्रश आण. बोटं जराशी हललीही तिची. पण ती आता ७८ वर्षांची आहे, चहाचा कप दोन्ही हातांनी धरते. “ऱ्हवांदे,” म्हणाली, “हसता मां तो.” आणि टीव्हीवर ठेवून दिला.

मग मी तिला व्हिडिओ दाखवला. आजोबांचं टक्कल आलं तेव्हा म्हणाली ह्यो कोण, म्हटलं थांब. बदकं आली, कोल्हा आला, ती हसली. हात आला. मी तिला काही सांगितलं नव्हतं, नेलपॉलिशचं नाही, मुलींना शिकवत नसत त्याचं नाही, सांगणार होते पण आधी तिला बघू दे म्हटलं. ती म्हणाली, परत लाव. परत लावला. अजून एकदा. तिसऱ्यांदा तिने स्क्रीनवर बोट टेकवलं आणि व्हिडिओ थांबला, चुकून.

“बोट कसा फिरवल्यान बघ,” ती म्हणाली.

मी इतक्या वेळा बघून मला ते दिसलं नव्हतं, मी नखंच बघत होते. तो हात बदकाला सोडवतो, आणि आत ओढायच्या आधी, काही गरज नसताना, अंगठा एकदा बदकाच्या पाठीवरून फिरतो. मानेपासून शेपटीपर्यंत. पाठीवर चिकटलेलं काहीतरी पुसल्यासारखा. मग आत.

बाईचा हात आहे का तो, मी विचारलं. आत्या म्हणाली, तुझ्या फोनाचा चार्जिंग संपता बघ.

परवा रात्री तेच बघत होते. तेवीस, चोवीस, अंगठा फिरतो, हात जातो, बदक जातं, पाणी हलत राहतं. मग व्हिडिओ संपतो आणि आपोआप पुन्हा सुरू होतो, आजोबांच्या टकलापासून.